टॅली आहेच, मग ईआरपी कशाला?

कुडाळच्या एमआयडीसीत, वेंगुर्ल्यात किंवा मालवण तालुक्यात काजूचा कारखाना चालवणाऱ्या कुणाकडेही सॉफ्टवेअरचा विषय काढा, पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘‘टॅली आसा मा, मगे ह्यां कित्याक व्हया?’’ बोलणं थोडं पुढे गेलं की दुसरा येतो. घ्यायचंच झालं तर एवढ्या नावांतलं नेमकं कुठलं घ्यायचं?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण विक्रेत्याकडून त्यांची सरळ उत्तरं मिळत नाहीत. पहिल्या प्रश्नावर तो ‘काळाची गरज’ म्हणतो आणि दुसऱ्यावर आपल्याच मालाचं नाव सांगतो. निर्णय चुकला तर लहान कारखानदाराचे काही लाख रुपये आणि एक अख्खा हंगाम जातो, म्हणून हा विषय सावकाश समजून घेऊ.

उदाहरणाला काजूचा कारखाना घेतला आहे. आंब्याचा रस डबाबंद करणारे, कोकमाचं आगळ भरणारे, बर्फाचा किंवा मासळीचा धंदा करणारे यांनी काजूच्या जागी आपला माल ठेवून वाचावं. काजू निवडण्याचं कारण असं, की त्याचं गणित नेहमीच्या कारखान्यापेक्षा उलटं चालतं आणि सॉफ्टवेअरची खरी ताकद तिथेच कळते.

१. एकदाच लिहायचं

‘एंटरप्राइझ रिसोर्स प्लॅनिंग’ हे भारदस्त नाव गार्टनर या अमेरिकी सल्लागार कंपनीने १९९० मध्ये दिलं. कल्पना त्याहून जुनी आहे. अमुक इतकं उत्पादन करायचं तर कच्चा माल किती आणि केव्हा लागेल, एवढाच हिशेब अमेरिकेतले कारखाने १९६०च्या दशकात संगणकावर करू लागले होते. पुढे त्याला खरेदी, विक्री, पगार, जमाखर्च असं एकेक खातं जोडलं गेलं. सगळ्या खात्यांची माहिती एकाच जागी आली, तेव्हा त्याला ईआरपी म्हणू लागले.

लग्नघर डोळ्यांसमोर आणा. कोठीवर बसलेल्या आत्याकडे एक यादी, आचाऱ्याकडे दुसरी, वाण्याकडे पळणाऱ्या पुतण्याच्या खिशात तिसरी आणि पैसे सांभाळणाऱ्या काकांच्या डायरीत चौथी. मग तांदूळ दोनदा येतात आणि गूळ येतच नाही. कोठीच्या दाराला एकच वही टांगली आणि आलेला-गेलेला प्रत्येक जिन्नस तिथेच लिहायचा असं ठरलं, की गोंधळ थांबतो. ईआरपी म्हणजे ती दाराला टांगलेली वही.

आता कारखान्यात या. एप्रिलमधल्या एका सकाळी शेतकरी तीस किलो काजू बी घेऊन येतो. वजनकाट्यावर एकदा नोंद होते. तीच नोंद साठ्यात तीस किलो वाढवते, शेतकऱ्याच्या खात्यावर देणं मांडते, कराचा आकडा काढते आणि ही बी कुठल्या लॉटमध्ये गेली तेही धरून ठेवते. चार वह्यांत चारदा लिहावं लागत नाही, त्यामुळे चार वह्यांत चार वेगळे आकडे येत नाहीत.

हे टॅलीत होत नाही का? बरंचसं होतं. साठा, वेगवेगळी गोदामं, बॅच क्रमांक, उत्पादनाची नोंद हे सगळं टॅलीत आहे. अडचण असते ती वापरात. आपल्याकडे टॅली बहुतेक वेळा हिशेबनिसाच्या टेबलावर असतं, तो आठवड्यातून एक-दोन दिवस येतो आणि बिलांचा गठ्ठा चढवून जातो. साठ्याची खरी वही गोदामात असते. कटिंग आणि सोलणी करणाऱ्या बायांच्या कामाच्या वजनांची वही सुपरवायझरकडे, आणि मुंबईच्या व्यापाऱ्याला काय कबूल केलंय ते मालकाच्या व्हॉट्सॲपवर.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकाने स्वतःच तपासावं. ‘आज ३२० नंबरचा काजू किती शिल्लक आहे, कुठे आहे आणि कुठल्या लॉटचा आहे’ हे पाच मिनिटांत कागदावर मिळत असेल आणि प्रत्यक्ष मोजल्यावर जुळत असेल, तर नवं काही घेऊ नका. टॅलीच नीट वापरा. कारखाना एका छपराखाली, विक्री चार व्यापाऱ्यांना आणि दोन घरच्या माणसांची नजर सगळीकडे, एवढ्या व्यापाला ते पुरतं. दुसरं गोदाम, मालवणात दुकान, ऑनलाइन ऑर्डरी आणि परजिल्ह्यातली गिऱ्हाइकं वाढली आणि वरच्या प्रश्नाला ‘उद्या सांगतो’ असं उत्तर येऊ लागलं, की वेळ आली समजा.

हा विषय आता मोठ्या शहरांपुरता राहिलेलाही नाही. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्था, म्हणजे आपल्या गावोगावच्या विकास सोसायट्या, ईआरपीवर आधारलेल्या एकाच सॉफ्टवेअरवर आणण्याची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली.

२. सॉफ्टवेअर कुठल्या घरात जन्मलं?

जाहिरातींत सगळी सॉफ्टवेअरं सगळं करतात. त्यांच्यातला फरक समजायला एक सोपा मार्ग आहे. ते पहिल्यांदा कुणाची अडचण सोडवायला लिहिलं गेलं ते पाहावं. जन्माचे संस्कार सॉफ्टवेअरमधून सहसा जात नाहीत.

टॅलीचा जन्म १९८६ चा, बंगळूरचा. श्यामसुंदर गोयंका यांना आपल्या धंद्याचा जमाखर्च ठेवायला मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा त्यांचे चिरंजीव भरत गोयंका यांनी ते लिहिलं. त्यामुळे टॅलीचा गाभा जमाखर्चाचा आहे. साठा आणि उत्पादन त्याला नंतर जोडलं गेलं. हिशेबनीस त्यावर डोळे मिटून काम करतो, गोदामातला माणूस मात्र बिचकतो.

सॅप ही जर्मन कंपनी १९७२ मध्ये आयबीएम सोडलेल्या पाच अभियंत्यांनी काढली. त्यांचं पहिलं गिऱ्हाईक होतं आयसीआय या रसायन कंपनीचा जर्मनीतला नायलॉनचा कारखाना. शिस्त, टप्पे, प्रत्येक गोष्टीला मंजुरी हा मोठ्या कारखान्याचा स्वभाव सॅपमध्ये आजही दिसतो. लहान उद्योगांसाठी ते ‘बिझनेस वन’ विकतात. ते मुळात इस्राएलमधल्या एका कंपनीचं होतं, सॅपने २००२ मध्ये विकत घेतलं. मायक्रोसॉफ्टचं ‘बिझनेस सेंट्रल’ही असंच, मूळ डेन्मार्कच्या नॅव्हिजनचं.

ईआरपीनेक्स्ट आपल्या मुंबईचं. रुशभ मेहता यांनी घरच्या फर्निचरच्या धंद्यात ईआरपी बसवायचा प्रयत्न केला, तो फसला आणि त्यातून त्यांनी स्वतःच लिहायला घेतलं. त्यांची कंपनी आज फ्रॅपे नावाने ओळखली जाते. म्हणजे टॅली आणि ईआरपीनेक्स्ट ही दोन्ही घरच्या धंद्यातून निघालेली भावंडंच. फरक इतकाच, की एकाने आधी खातेवही पाहिली आणि दुसऱ्याने आधी कारखाना. लाकूड, खिळे, पॉलिश आत जातं आणि खुर्ची बाहेर येते, हे चित्र ईआरपीनेक्स्टच्या मुळाशी आहे. पुढे काजूच्या वेळी हे लक्षात ठेवा.

ओडू बेल्जियमचं. फाबियां पिंकार्स यांनी २००५ मध्ये ते ‘टायनी ईआरपी’ या नावाने सुरू केलं. दुकान, वेबसाइट, विक्री, उत्पादन असे सुटे भाग हवे तसे जोडायचे ही त्याची रीत. दिसायला देखणं. त्याची एक आवृत्ती मोफत आहे, पण संपूर्ण जमाखर्च सशुल्क आवृत्तीतच मिळतो, आणि हे बऱ्याच जणांना उशिरा कळतं.

मार्ग आणि बिझी ही दिल्लीची. घाऊक आणि वितरणाच्या धंद्यात त्यांचा मोठा वापर आहे, औषध विक्रेत्यांत मार्गचा विशेष. माल घेऊन तसाच विकणाऱ्याने ती जरूर पाहावीत.

‘लघु आणि मध्यम उद्योगांसाठी खास’ या शिक्क्याकडे मात्र लक्ष देऊ नका. १ एप्रिल २०२५ पासूनच्या व्याख्येनुसार दहा कोटींपर्यंतच्या उलाढालीचा उद्योग सूक्ष्म आणि पाचशे कोटींपर्यंतचा मध्यम. एवढ्या रुंद पट्ट्यातल्या सगळ्यांना बसणारं कापड कुणी विणलेलं नाही.

३. काजूचं उलटं गणित

बहुतेक ईआरपीत उत्पादनाचा पाया असतो ‘बिल ऑफ मटेरियल’, म्हणजे एक नग करायला काय काय लागतं त्याची यादी. खुर्चीला चार पाय, एक पाठ, बारा स्क्रू. अनेक वस्तू आत, एक वस्तू बाहेर.

काजूच्या कारखान्यात एकच वस्तू आत जाते. बी वाळवतात, आकाराप्रमाणे निवडतात, वाफेवर शिजवतात, थंड होऊ देतात, कटिंग करून गर काढतात, गर ड्रायरमध्ये सुकवतात, साल सोलतात आणि मग प्रतवारी करतात. बाहेर पडतात डब्ल्यू-१८०, २१०, २४०, ३२०, ४५० असे अख्खे काजू, पाकळी, तुकडा, कणी, आणि शिवाय टरफल, ज्याचं तेल निघतं. हे आकडे म्हणजे एका पौंडात, साधारण ४५४ ग्रॅममध्ये, बसणारे गर. ३२० नंबरचे एका पौंडात ३०० ते ३२० बसतात. आकडा जितका लहान तितका दाणा मोठा आणि भाव चढा.

यातली खरी मेख अशी, की कुठल्या नंबरचा किती माल निघेल हे आधी सांगता येत नाही. वेंगुर्ला-७ सारख्या सुधारित जातीची बी दहा ग्रॅमच्या आसपास भरते आणि तिच्यातून मोठा गर निघतो, रायवळ झाडाची बी बारीक. कटिंग करणारीचा हात चांगला असेल तर अख्खा जास्त, नसेल तर पाकळी जास्त. बी नीट वाळली नसेल तर तुकडा वाढतो. खुर्चीला पाय चारच लागणार, पण हजार किलो बीमधून २४० नंबर किती निघणार ते प्रत्येक लॉटला वेगळं.

म्हणून सॉफ्टवेअरला विचारायचा पहिला प्रश्न : एक माल आत आणि आठ माल बाहेर, तेही दर वेळी वेगळ्या प्रमाणात, हे तुमच्याकडे कसं लिहायचं?

सोय सगळ्यांकडे आहे, पण वाटा वेगळ्या. टॅलीच्या उत्पादन नोंदीत मुख्य मालाबरोबर सहउत्पादन, उपउत्पादन आणि भंगार असे रकाने आहेत आणि खर्चाचा किती टक्के भाग कुणावर टाकायचा ते सांगता येतं. ओडूत उपउत्पादनाला खर्चाचा वाटा लावता येतो. ईआरपीनेक्स्टमध्ये ‘रिपॅक’ नावाची साठ्याची नोंद आहे, तिच्यात एक जिन्नस घालून अनेक जिन्नस काढता येतात. सादरीकरणात हे सगळं सुरळीत दिसतं, कारण विक्रेता खुर्ची बनवून दाखवतो. तुम्ही काजू फोडून दाखवायला सांगा.

दुसरी गोष्ट घटीची. ओली बी वाळली की वजन उतरतं. ही घट चोरी नव्हे, पण ती लिहायला जागा नसली तर साठ्यात कायमचा खोटा आकडा राहतो आणि पुढे खरी चोरी झाली तरी तीत लपून जाते. वाळवणाची, शिजवण्याची आणि सुकवण्याची घट वेगवेगळी नोंदवता आली पाहिजे.

तिसरी, मापांची. बी पोत्यात येते, एक पोतं साधारण ऐंशी किलोचं. गर किलोत मोजतात, व्यापाऱ्याला दहा किलोच्या डब्यात जातो आणि तारकर्लीला आलेला पर्यटक पाव किलोचं पाकीट मागतो. एकाच जिन्नसाची ही मापं एकमेकांत बदलता यायलाच हवीत.

आणि चौथी, लॉटची. वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन आहे. स्थानिक बी वर्षभर पुरत नाही म्हणून अनेक कारखाने आफ्रिकेतूनही बी आणतात, त्यात गैर काही नाही. पण मानांकनाचं नाव छापलेल्या पाकिटात स्थानिकच माल गेला, हे दाखवता आलं पाहिजे. पाकिटावरच्या क्रमांकावरून मागे जात बी कुठल्या गावची, कुठल्या तारखेची इथवर पोचता येणं, हे पुढच्या काळात आपल्या मालाचं मोल ठरवणार आहे. कोकम आणि हापूसवाल्यांनाही हेच लागू.

४. तुकड्यात तोटा होतो का?

आता एक छोटं गणित करू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, भाव तुमचे घाला.

वाळलेली बी १,००० किलो, दर १२५ रुपये, म्हणजे १,२५,००० रुपये. मजुरी, वाफ, वीज धरून प्रक्रियेचा खर्च ४३,५०० रुपये. एकूण १,६८,५००. टरफल ६५० किलो निघालं, ते दहा रुपयांनी गेलं, ६,५०० रुपये परत आले. उरला निव्वळ खर्च १,६२,००० रुपये. गर मिळाला २७० किलो. बाकीचे ८० किलो सालीत आणि घटीत.

२७० किलोची फोड अशी : २१० नंबर ४० किलो, विक्री दर ९५० रुपये. २४० नंबर ६० किलो, दर ८५०. ३२० नंबर ९० किलो, दर ७५०. पाकळी ५० किलो, दर ६२०. तुकडा ३० किलो, दर ५००. सगळं विकल्यावर हाती येतात २,०२,५०० रुपये. नफा ४०,५००.

आता प्रत्येक प्रकारच्या काजूचा खर्च किती धरायचा? वजनाप्रमाणे वाटला तर १,६२,००० भागिले २७०, म्हणजे सरसकट किलोला ६०० रुपये. मग अहवाल सांगतो, की २१० नंबरमध्ये किलोमागे ३५० रुपये सुटतात आणि तुकड्यात शंभर रुपये तोटा आहे. हा अहवाल खरा मानणारा मालक तुकडा विकायचं टाळतो, पोती साठवून ठेवतो, त्याला वास येऊ लागतो.

विक्रीच्या मोलाप्रमाणे वाटून पाहा. दोन लाख अडीच हजारांच्या विक्रीला एक लाख बासष्ट हजार खर्च, म्हणजे रुपयाला ऐंशी पैसे. २१० नंबरचा खर्च ७६० रुपये, २४० चा ६८०, ३२० चा ६००, पाकळीचा ४९६ आणि तुकड्याचा ४००. आता तुकड्यातही किलोला शंभर रुपये सुटतात. एकूण नफा दोन्ही वेळा तोच, ४०,५००. बदलला तो फक्त आरसा.

तुकडा वेगळा बनवता येत नाही आणि टाळताही येत नाही, तो बीसोबत येतोच. म्हणून अशा धंद्यात मोलाप्रमाणे वाटणी करणं शहाणपणाचं, असं माझं स्पष्ट मत आहे. सॉफ्टवेअर ही वाटणी स्वतः करतं, की टक्केवारी हाताने भरायची? भाव बदलल्यावर ती कोण सुधारणार? वरचेच आकडे विक्रेत्यापुढे ठेवा आणि शेवटी ७६० आणि ४०० येतात का ते पाहा. दहा मिनिटांची ही परीक्षा भल्याभल्या सादरीकरणांना भारी पडते.

५. शेतकऱ्याची पावती आणि सरकारचे नियम

काजूच्या खरेदीत कराची एक गाठ आहे. न फोडलेली बी नोंदणीकृत कारखानदाराने शेतकऱ्याकडून घेतली, तर त्यावरचा पाच टक्के जीएसटी शेतकऱ्याने नाही, घेणाऱ्याने भरायचा असतो. याला रिव्हर्स चार्ज म्हणतात. वरच्या उदाहरणात १,२५,००० च्या खरेदीवर ६,२५० रुपये आधी रोख भरायचे आणि मग तेच आपल्या विक्रीवरच्या करातून वळते करून घ्यायचे. शेतकरी बिल देणार नाही, त्यामुळे त्याच्या वतीचं बिलही स्वतःच करायचं, माल आल्यापासून तीस दिवसांत.

भर हंगामात दिवसाला चाळीस-पन्नास शेतकरी येतात. कुणी रिक्षातून दोन पोती आणतो, कुणी स्कूटरच्या पुढ्यात वीस किलो. प्रत्येकाची वेगळी पावती, सकाळ-संध्याकाळ बदलणारा भाव, कुणाला आधी दिलेली उचल वळती करायची. एका पावतीला चार पडदे उघडावे लागले तर रांग दारापर्यंत जाते आणि काट्यावरचा मुलगा पुन्हा कागदी पुस्तक काढतो. त्या क्षणी ईआरपी संपलं समजा. त्यामुळे जीएसटी सगळेच सांभाळतात हे ऐकून समाधान मानू नका. पावती किती सेकंदांत निघते ते घड्याळ लावून पाहा, आणि ती मराठीत छापता येते का तेही.

बाकीचे नियम थोडक्यात. वर्षाची उलाढाल पाच कोटींवर असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून व्यापाऱ्यांना दिलेल्या बिलांना ई-इनव्हॉइस लागतं. ते सॉफ्टवेअरमधूनच निघावं, पोर्टलवर पुन्हा टंकायला लागू नये. ई-वे बिलाचंही तसंच. तुमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर १ एप्रिल २०२३ पासून, नोंद कुणी केव्हा बदलली याचा माग ठेवणारं आणि तो माग बंद करता न येणारं सॉफ्टवेअरच हिशेबाला वापरायचं आहे. मालकीच्या किंवा भागीदारीच्या धंद्याला ही सक्ती नाही, तरी सोय असली तर वापरावी. भावाभावांतले वाद त्याने वाचतात.

६. वही ठेवायची कुठे?

क्लाउड म्हणजे तुमची माहिती दुसऱ्याच्या, दूरच्या शहरातल्या संगणकावर आणि तुम्ही इंटरनेटवरून ती पाहणार. दुसरा मार्ग स्वतःच्या कचेरीत संगणक ठेवण्याचा.

किनाऱ्यावर हा प्रश्न पुण्यासारखा सुटत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा मालवण, देवगड, वेंगुर्ल्यात खांब आणि तारा आडव्या झाल्या, कित्येक गावांत वीज आणि मोबाइल दिवसचे दिवस बंद होते. ज्याची माहिती फक्त क्लाउडवर, त्याला तेवढे दिवस ती दिसणार नाही. पण ज्याची माहिती फक्त कचेरीतल्या डब्यात आणि त्या डब्यावर छप्पर आलं, त्याची ती कायमचीच गेली. खारी हवा आणि दमट पावसाळा संगणकाला एरवीही सोसत नाही.

माझा कौल क्लाउडकडे झुकतो, दोन अटींवर. एक, खरेदीच्या काट्यावर इंटरनेटशिवाय चालणारी पावतीची सोय हवी, मग ते छापील पुस्तक असलं तरी चालेल, फक्त त्याचे क्रमांक नंतर सॉफ्टवेअरमध्ये चढले पाहिजेत. दोन, वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन जोडण्या. टॅलीसारखं कचेरीतच चालणारं सॉफ्टवेअर असेल तर रोजची प्रत जिल्ह्याबाहेर कुठेतरी जायलाच हवी. पेनड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात ठेवणं याला प्रत ठेवणं म्हणत नाहीत.

७. फुकटाची किंमत

ईआरपीनेक्स्टचा परवाना मोफत आहे. त्याचा मूळ प्रोग्रॅम कुणालाही घेता येतो, बदलता येतो, हवी तेवढी माणसं त्यावर बसवता येतात. मोफत नसतं ते बाकीचं : सर्व्हरचं भाडं, बसवून देणारा माणूस, शिकवणं, दर वर्षीची देखभाल. म्हणून तुलना पाच वर्षांच्या खर्चाची करावी.

कल्पनेतले तीन प्रस्ताव घ्या. पहिला, माणशी महिना हजार रुपये भाडं : सहा माणसं, साठ महिने, ३,६०,००० रुपये आणि बसवण्याचे दीड लाख. एकूण ५,१०,०००. दुसरा, परवाना मोफत : सर्व्हर दीड लाख, बसवणं अडीच लाख, पाच वर्षांची देखभाल दोन लाख. एकूण ६,००,०००. तिसरा, एकरकमी परवाना, नूतनीकरण आणि बसवणं धरून १,८५,०००. पण यात गोदामाचा हिशेब होत नाही, म्हणून तो वेगळा ठेवणाऱ्या माणसाचे महिना पाच हजार, पाच वर्षांचे तीन लाख. एकूण ४,८५,०००. कागदावर शून्य आणि लाखांचा वाटणारा फरक किती आक्रसला ते दिसेल.

पैशांइतकाच महत्त्वाचा माणूस. जुलैत घाट बंद असताना बिल निघेनासं झालं तर फोन कोण उचलणार? कोल्हापूरची नामांकित संस्था असो की कुडाळचे दोन होतकरू तरुण, त्यांनी आधी बसवलेल्या दोन कारखान्यांत स्वतः जा आणि मालकाला सोडून टंकणाऱ्या मुलीशी बोला. मध्यम सॉफ्टवेअर आणि चांगला माणूस ही जोडी उत्तम सॉफ्टवेअर आणि गायब माणूस या जोडीपेक्षा शंभर पटीने बरी.

आणि सही करण्याआधी बाहेर पडायचं दार पाहून घ्या. सगळे जिन्नस, सगळी खाती, सगळ्या नोंदी एक्सेलमध्ये काढून दाखवायला सांगा, तिथल्या तिथे. ‘नंतर देऊ’ म्हणणाऱ्याला नमस्कार करावा.

८. कुणी कुणासाठी बदलायचं?

लिडल ही जर्मनीची बलाढ्य दुकानसाखळी. तिने २०११ मध्ये सॅपवर जाण्याचं काम सुरू केलं आणि सात वर्षांनी, २०१८ मध्ये, ते सोडून दिलं. तोवर सुमारे पन्नास कोटी युरो खर्च झाल्याचं सांगितलं गेलं. बातम्यांत आलेलं एक मुख्य कारण अगदी साधं होतं. लिडल आपल्या साठ्याची किंमत खरेदीच्या दराने धरत असे, सॉफ्टवेअर विक्रीच्या दराने. कंपनीने आपली रीत सोडली नाही, सॉफ्टवेअर बदलत बसली आणि बदलांचा डोंगर झाला.

आपली प्रत्येक सवय म्हणजे आपलं वैशिष्ट्य नसतं. बिलाचा नमुना वडिलांच्या काळापासून असा आहे, ही सवय झाली, ती सोडा. काजू एकातून आठ होतो, हा मात्र धंद्याचा स्वभाव, तिथे सॉफ्टवेअरनेच वाकलं पाहिजे. बदलांची यादी करून प्रत्येकासमोर ‘सवय’ की ‘स्वभाव’ असं लिहून काढा. स्वभावाच्या रकान्यात तीन-चार गोष्टी उरतील. त्या मुळातच ज्याच्याकडे आहेत, ते सॉफ्टवेअर तुमचं.

९. एक लॉट, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

आता निवड. पाच-सहांतून दोन किंवा तीन नावं ठेवा आणि प्रत्येकाला तुमच्या मागच्या वर्षीच्या एका खऱ्या लॉटचे कागद द्या. त्यात तीन शेतकऱ्यांच्या पावत्या असाव्यात, एकाची उचल वळती झालेली. वाळवणाची घट असावी. दोन दिवसांत झालेलं कटिंग, प्रतवारीचा कागद, दोन लॉटमधून भरलेला एखादा दहा किलोचा डबा, मुंबईला गेलेलं बिल आणि त्यातून परत आलेले दोन डबे असावेत. हा सगळा प्रवास तुमच्यासमोर करून दाखवायचा आणि शेवटी डब्याच्या क्रमांकावरून त्या तीन शेतकऱ्यांपर्यंत मागे यायचं.

कळफलकावर विक्रेत्याचा माणूस नको, उद्या ज्या सुपरवायझर बाई रोज नोंदी करणार आहेत त्यांना बसवा. त्या कुठे अडतात, कुठे वैतागतात, काय विचारतात ते लिहून घ्या. शंभर वैशिष्ट्यांच्या तक्त्यापेक्षा तो कागद जास्त खरं सांगतो.

सुरुवात केव्हा करायची याबद्दल हिशेबनीस १ एप्रिल सांगतील. काजूवाल्याने ते ऐकू नये. एप्रिलमध्ये खळं वाळत्या बीने भरलेलं असतं, काट्यावर रांग असते, साठा मोजणं अशक्य आणि शिकायला कुणाला फुरसत नाही. हर्शी या अमेरिकेतल्या प्रसिद्ध चॉकलेट कंपनीने १९९९ मध्ये नवी यंत्रणा जुलैत, म्हणजे हॅलोवीनच्या विक्रीच्या तोंडावर चालू केली. माल गोदामात असूनही सुमारे दहा कोटी डॉलरच्या ऑर्डरी तिला पुऱ्या करता आल्या नाहीत. आपल्याकडे गणपती-दिवाळीचा माल निघून गेल्यावर, नवी बी येण्याआधी साठा सगळ्यात कमी असतो. १ जानेवारीला कराची नवी तिमाहीही सुरू होते. काजूच्या कारखान्याला तीच तारीख योग्य.

त्याची तयारी मात्र आजच सुरू करता येते आणि तिला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही. गोदामात जा, प्रत्येक जिन्नसाचं एकच नाव आणि एकच माप ठरवा, शेतकऱ्यांची यादी गाववार लिहून काढा आणि पुढचा एक लॉट बीपासून डब्यापर्यंत वजनासकट कागदावर मांडा. तो कागद हातात आला, की पहिल्या विक्रेत्याला फोन करा.